कन्हानकाठचं आमचं गाव: जुन्या आबादीची माहिती जमवतोय, ज्याला जे ठाऊक ते लिहा

रेतीतला_माणूस

नमस्कार मंडळी.

गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातलं, कन्हानच्या उजव्या काठावरचं, आंभोऱ्याच्या थोडं वर. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लगेच "अमक्याच्या घरचा का तू?" सुरू होते आणि विषय राहते बाजूला. जुनी आबादी गोसीखुर्द धरणाच्या बुडीतात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारुतीचा ओटा आणि चार भिंतींचे पाये दिसतात. नवं गाव वर माळावर आहे, प्लॉट नंबरांचं.

मागे शाळेच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी दोन पानांचा "गावाचा इतिहास" टाइप करून आणला होता. त्यात मालगुजाराचा (गावचा सारा वसूल करणाऱ्या मालकाचा) वाडा, देवळाचा जीर्णोद्धार, सरपंचांची यादी. नदीबद्दल एकच ओळ: "गाव निसर्गरम्य कन्हान नदीच्या तीरावर वसलेले आहे." संपलं. अर्धं गाव जिच्यावर जेवत होतं तिची एवढीच नोंद. तेव्हाच ठरवलं की नदीपासून सुरुवात करून लिहायचं.

मला ठाऊक आहे ते आधी टाकतो. उंचवट्यावर मालगुजाराचा वाडा आणि कुणब्या-तेल्यांची घरं, कवेलूची. मधे आखर, तिथे सकाळी गावची ढोरं जमायची आणि गायकी घेऊन जायचा. आखराच्या पूर्वेला बौद्ध वस्ती. सगळ्यात खाली, पुराचं पाणी पहिल्यांदा शिरायचं तिथे, ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्या-डोंगे चालवणाऱ्यांची घरं. घाटही तिथेच. पलीकडे मौदा तालुका. पूल नव्हता, डोंग्यावर सगळं. पावसाळ्यात दवाखाना, लग्नाची वरात, मास्तर, सगळे डोंग्यातून.

आता डांगरवाडी, म्हणजे नदीच्या रेतीत लावायची डांगरांची (खरबुजांची) वाडी. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवीन पोरांना हे खोटं वाटते.

दिवाळीनंतर पाणी उतरायचं आणि मैलभर रेती उघडी पडायची. ढिवरांची आणि भूमिहीनांची घरं तिथे आपापले पट्टे आखायची. कोणाला कोणता पट्टा, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. पाण्याजवळचा पट्टा सगळ्यांना पाहिजे असायचा, पण अवकाळी आला की पहिला तोच जायचा. रेतीत लांब नाल्या खोदायच्या, खाली ओल लागेपर्यंत. त्यात शेणखत आणि थोडी गाळाची माती. बी आधीच ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलेलं, कोंब फुटला की लावायचं. वाऱ्यानं रेती उडून रोप दबते, म्हणून वाऱ्याच्या बाजूनं तुराट्या रोवायच्या. वेल पसरला की खाली तनस (धानाचा पेंढा) अंथरायची, नाहीतर मार्चच्या उन्हात रेती फळाला भाजून काढते. पाणी मडक्यानं, एकेका वेलाला. डांगर, टरबूज, काकडी, कारली, भोपळा. रात्री कोल्ह्यांची राखण. पहिली गाडी मांढळच्या बाजारात जायची, मग उमरेड, आणि माल जास्त असला तर थेट नागपूर, कॉटन मार्केट.

तुमच्या गावातलं काही आठवत असेल तर जोडा. डोहांची नावं विशेष पाहिजेत.

तर्री_पोहे

भाऊ, लहानपणी बाबा कॉटन मार्केटमधून "नदीचं डांगर" म्हणून आणायचे आणि घरभर वास सुटायचा. आता कळमन्याच्या बाजारात ट्रकनं येतात ती दिसायला देखणी, वासाच्या नावानं शंख.

एक विचारू? रेती तर सरकारची. मग हे पट्टे कोणाच्या नावानं असायचे?

पटवारी_दप्तर

तर्री_पोहे यांचा प्रश्न नेमका आहे. महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. पुढे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमीन मोजून सारा ठरवतात त्यात) गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. त्याआधी ते मुख्यतः वसुली करणारे होते. मालक झाल्यावर पडीक, झुडपी, तलाव, आबादी, सगळ्यावर त्यांचा शब्द. मात्र रयतेला जळण, चराई, पाणी, मासे, घरासाठी माती-लाकूड यांचे रूढ हक्क होते. बंदोबस्ताच्या वेळी ते "वाजिब-उल-अर्ज" नावाच्या कागदात उतरवले गेले. गावाचा चालीरीतींचा करारच तो. घाटावर उतराई कोणी घ्यायची, कोतवालाला काय द्यायचं, अशा गोष्टी त्यात सापडतात.

मालगुजारी गेली ती मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं, ३१ मार्च १९५१ पासून. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलं. त्यामुळे आपल्याकडचे जुने कागद पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळे असतात, हे पुण्याच्या वकिलांना समजावताना घाम फुटतो. मालगुजारीनंतर गावाचे सामाईक हक्क "निस्तार पत्रका"त नोंदले गेले. नदीपात्र सरकारचं झालं आणि रेतीतली लागवड वर्षापुरत्या परवानगीवर. म्हणजे कसणारा तोच, पट्टा साधारण तोच, पण सातबारावर नाव नाही.

रेतीतला_माणूस, तुम्ही जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात हे मागा: बंदोबस्त मिसल, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, आणि कोतवाल पंजी. शेवटचं विसरू नका. जन्ममृत्यूच्या त्या नोंदीत जात लिहिलेली असते, धंदाही कधीकधी. लोक ती फक्त जात पडताळणीसाठी काढतात. भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा कोतवाल पंजीच कामी येते. पण एका गावाची सलग पानं चाळली तर कोणत्या पावसाळ्यात पटकी आली तेही कळते. काही पानं मोडीत असतील.

सांदवाडी

मी माहेरची मौदा तालुक्यातली, तुमच्या अगदी समोरच्या काठाची असणार. तुमच्या घाटावर आम्ही डोंग्यानं येत होतो, मामाकडे.

पुरुष मंडळी लिहितात तेव्हा बाया कुठे असतात म्हणते मी! डांगरवाडीला मडक्यानं पाणी कोण घालत होतं? आणि प्यायचं पाणी? काठावर विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ, डाळ शिजत नसे. म्हणून झिरा. पहाटे रेतीत धारेपासून थोडं दूर हातानं खड्डा करायचा, कोपरभर. आधी गढूळ येते ते वाटीनं काढून फेकायचं, दोनतीनदा. मग जे पाझरते ते आरशासारखं. वाटी-वाटीनं घागर भरायची. आईचा झिरा ठरलेला असायचा, दुसऱ्या बाईनं त्यात वाटी घातली की भांडण. अर्ध्या गावच्या बातम्या तिथेच कळायच्या, लग्नंसुद्धा तिथेच जुळायची.

पूर ओसरला की पहिलं काम पोतारा. भिंती कमरेपर्यंत ओल धरायच्या. माती कालवून लिंपायच्या, वरून पांढऱ्या मातीचा हात. दिवाळीपर्यंत सगळं गाव नवं. मग मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, त्यात लोकनाट्यं. आमच्याकडे दंडार, तुमच्याकडे खडी गंमत असायची बहुतेक, रात्रभर. पाडव्याला गायगोधन, गोवाऱ्यांचं नाचणं.

धानाचे रोवणे संपले, डांगर अजून दूर, तेव्हा बाया मांढळला मिरचीच्या सातऱ्यावर जायच्या. दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे, मजुरी वजनावर. संध्याकाळी हात असे जळायचे की लेकराला जवळ घेता येत नसे. आईनं खोबरेल, ताक, शेण, सगळं लावून पाहिलं. काही म्हणजे काही उपयोग नाही. हे पण लिहा तुमच्या इतिहासात.

रेतीतला_माणूस

ताई, लिहिणारच. झिऱ्यावरून भांडण आमच्याकडेही होते. आमची आजी स्वतःच्या झिऱ्यावर काटी रोवून यायची.

आंभोरा_रिटर्न

आंभोऱ्याचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. वैनगंगेला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी येऊन मिळतात ती जागा, म्हणून पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच लिहिला अशी परंपरा आहे, शके १११०, म्हणजे इ. स. ११८८. आता तिथे केबलवरचा मोठा पूल झाला आहे, मनोऱ्यात वर बसून संगम पाहायची सोय आहे. शनिवार-रविवारी नागपूरकरांच्या गाड्यांची रांग.

आणि इतिहास जुनाच पाहिजे तर कुही तालुक्यातच अडम आहे, उत्खननात तटबंदीचं प्राचीन नगर निघालं. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट मिळाले. वर पेंचच्या काठी नायकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी निघाली. म्हणजे या नद्यांच्या काठी लोखंडाचं काम दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी चाललेलं होतं.

बालाघाटी

मुकुंदराजांची समाधी आमच्या आंबेजोगाईला आहे, तेवढं ध्यानात असू द्या. 🙂

आंभोरा_रिटर्न

समाधी तुमची, संगम आमचा. 🙂 या वादात आमच्या मास्तरांच्या दोन पिढ्या खपल्या, आपण नको.

नळावरची_रांग

थोडं कडू लिहितो. मी नागपुरात पाण्याच्या कामांशी संबंधित इंजिनिअर.

कन्हान येते सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्यातून. सावनेर, पारशिवनी करत कामठीजवळ बिन्याला तिला पेंच आणि कोलार मिळतात. नागपूर शहराच्या नळाला पेंचचं आणि कन्हानचं पाणी आहे. म्हणजे स्वच्छ पाणी आम्ही वर उचलतो. मग ते शहरात वापरतो आणि नागनदीत सोडतो. लाव्याच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी, पूर्वेला पिवळी नदी तिला मिळते, आणि दोन्ही मिळून खाली तुमच्याच कन्हानला येतात. पुढे आंभोरा, पुढे गोसीखुर्द. गोसीखुर्दच्या फुगवट्यात पाणी वाहत नाही, त्यामुळे शहराचा मैला तिथेच मुरतो आणि वर जलकुंभी पसरते. मलशुद्धीकरण केंद्रं आहेत, सुमारे १९२७ कोटींचा नागनदी प्रकल्पही मंजूर झाला आहे. पण झिऱ्याचं वर्णन वाचून मला आज जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

रेतीतला_माणूस

इंजिनिअर साहेब, तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अंगाला खाज सुटते म्हणून नदीत कोणी उतरत नाही.

आता बुडिताबद्दल. गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. आमच्या वडिलांच्या पिढीनं ते रेडिओवर ऐकलं आणि विसरली. पवनीजवळ धरण होणार आणि पाणी इथवर येणार हे कोणाच्या गळी उतरत नव्हतं. मग मोजणीवाले आले, दगड रोवले, नोटिसा आल्या. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर, हा आकडा आमच्या गावात अडाणी म्हातारीलाही पाठ. कारण त्या आकड्याच्या खाली घर की वर, यावर सगळं अवलंबून.

मोबदला कशाचा मिळाला? सातबाऱ्यावरच्या जमिनीचा, घराचा, झाडांचा. झाडं मोजायला माणूस आला तेव्हा लोकांनी बोरी-बाभळीसुद्धा मोजून घेतल्या. रेती कोणी मोजली नाही. ज्या घरांनी कितीतरी पिढ्या त्या रेतीवर डांगर काढलं, त्यांच्या हाती एक घराचा मोबदला आणि एक प्लॉट. कायद्यानं बरोबर असेल. पटवारीकाका सांगतात तसं, नाव कुठेच नव्हतं. पण माझ्या मते गावाचा इतिहास लिहायचा तर हीच त्याची मुख्य गोष्ट आहे. वाड्यावाल्यांनी मोबदल्यावर उमरेड रोडला फ्लॅट घेतले. नदीवाल्यांकडे दाखवायला कागदच नाही.

त्यात रेतीघाटाचे लिलाव. बुडीत यायच्या आधीच वरच्या अंगाची रेती टिप्परनं गेली, तळाचा खडक उघडा पडला. जिथे ओल धरायला रेतीच नाही तिथे वाडी कशाची लावता?

जाळंवाला

खूप वेळ वाचून राहिलो. मी त्या खालच्या घरांपैकी. शिकलो, सध्या बुटीबोरीला कंपनीत आहे.

तुम्ही सगळे डोंग्याबद्दल फार गोड लिहून राहिले. डोंगा चालवणारा माझा आजा होता. उतराई सालाची, सुगीत धान्यात. कोणी पायली द्यायचा, कोणी "पुढच्या साली" म्हणायचा. रात्री-बेरात्री पलीकडून हाक आली की उठायचं, मग माघ असो की श्रावण. "ओ ढिवऱ्याऽऽ" अशी हाक. नावानं नाही. पूर चढला असताना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पलीकडे वाड्याचा पाहुणा असायचा. आणि पूर घरात शिरला की आम्ही मुलाबाळांना घेऊन आखरावर. वाड्याच्या ओसरीत जागा होती, बोलावलं नाही कोणी.

रेतीतला भाऊ, तुम्ही रेतीचं लिहिलं ते बरोबर. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी दोन चांगले पट्टे वाड्याच्या माणसासाठी बाजूला निघायचे, ते तुम्ही लिहिलं नाही. माझ्या बाबाला विचारा.

आता काय आहे ते पण सांगतो. धरणात मच्छीमार सोसायट्या आहेत, मासेमारीचा ठेका असते. बाबा अजून जातो. पूर्वी वाहत्या पाण्यात वाम, मरळ, झिंगे मिळत. आता साठलेल्या पाण्यात रोहू-कतला, ते पण बीज सोडलं तर. वाम दिसतच नाही. जलकुंभीत जाळं गुतलं की दिवस गेला. नवीन गावात प्लॉट मिळाला तिथून पाणी लांब, डोंगा काठावर सोडून यावा लागते, जाळी चोरीला जातात. जुन्या गावात पूर दारात यायचा, पण डोंगाही दारातच होता.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वरून मध्यप्रदेशातून पाणी सुटलं, तोतलाडोहचे दरवाजे उघडले, तेव्हा कन्हान अशी आली की बाबानं पण तसं पाणी पाहिलं नव्हतं. त्या रात्री काठच्या दुसऱ्या गावची माणसं काढायला हेच लोक डोंगे घेऊन गेले. तेव्हा सगळ्यांना नावं आठवली बरोबर.

तर्री_पोहे

भाऊ, हे वाचून गप्प झालो. लिहीत राहा.

पटवारी_दप्तर

जाळंवाला, तुमच्या आजोबांसाठी वाजिब-उल-अर्जात घाटाचं कलम जरूर पाहा. उतराई किती, कोणी द्यायची, हे तिथे लिहिलेलं असेल तर ती सालोसाल बुडवली गेली हे कागदानं दिसेल. हक्क म्हणून आज त्यातून काही मिळणार नाही, उगाच आशा लावत नाही. पण नोंद होईल.

अर्ज साध्या कागदावर, गाव, तालुका, मौजा, बंदोबस्ताचं साल लिहून, वर कोर्ट फी तिकीट. "सर्व कागदपत्रे द्या" असं लिहू नका, अर्ज परत येतो. एकेका दस्ताचं नाव लिहा. आणि नक्कल घेताना शेवटचं पान आहे का पाहून घ्या. शेरे तिथेच असतात आणि झेरॉक्सवाला नेमकं तेच सोडतो.

सांदवाडी

डोहांची नावं राहिली. आईला फोनवर विचारलं. वरून खाली: सातबहिणींचा डोह, तिथे नवसाच्या बांगड्या टाकायच्या. मग म्हशीचा डोह. मग घाट. घाटाखाली खडकाजवळ "भाटव्याचा डोह", कोणाचा तरी जावई तिथे बुडाला म्हणून. त्याच्या खाली चोरपाणी, वरून संथ आणि आतून ओढ. मुलांना तिकडे जायला बंदी.

जाळंवाला

ताई, भाटव्याचा डोह घाटाच्या वर आहे. खाली आहे तो कुंभाराचा. तुमच्या काठावरून उलटं दिसत असेल.

सांदवाडी

आई म्हणते खाली. आई तिथे पोहायला शिकली, दादा.

रेतीतला_माणूस

हे ठरवायलाच पाहिजे. जाळंवाला भाऊ, तुमच्या बाबांना इथे लिहायला सांगाल का? दोन चांगल्या पट्ट्यांचं पण त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे. मी वाड्याच्या भावकीतला आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी लिहिलं तर वेगळं होईल.

जाळंवाला

ओळखलं होतं पहिल्याच पोस्टला. 🙂 बाबाला लिहिणं जमत नाही. फोनवर बोलतील, तुम्ही रेकॉर्ड करून घ्या. नंबर मेसेज करतो. पण सकाळी सहाच्या आधी करा, नंतर ते पाण्यावर असतात आणि तिथे रेंज नाही. आणि काका म्हणून बोला, साहेब-बिहेब नको.